बैलाचा गेलेला पुठ्ठा

जुन्या छापील चित्रांची डागडुजी करते म्हटलं की लोक बुरशीबद्दल विचारतात. आमचा खरा वैरी मात्र फ्रेमवाला. इंग्लंडमधल्या जुन्या फ्रेमांत चित्रामागे पाइनच्या कच्च्या फळ्या ठोकलेल्या असतात. त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं कागदात उतरतं आणि चित्रावर लाकडाच्या रेषा गाठींसकट उमटतात. गेल्या हिवाळ्यात ‘डरहॅम ऑक्स’ या बैलाचं छापील चित्र आलं, त्यात बैलाच्या ऐन पोटावर अशी एक तपकिरी गाठ होती. शिवाय कुणा महाभागाने कागद सरसाने फळीलाच चिकटवला होता.

हा बैल त्या काळचा सेलिब्रिटी. जन्म 1796 चा, डार्लिंग्टनजवळ चार्ल्स कॉलिंगच्या गोठ्यात. 1801 मध्ये जॉन डे नावाच्या गृहस्थाने तो 250 पौंडांना घेतला, 2000 पौंडांची मागणी आली तरी सोडला नाही, आणि खास गाडीत घालून जवळजवळ सहा वर्षं इंग्लंड-स्कॉटलंडभर तिकीट लावून दाखवला. 1802 मध्ये जॉन बोल्टबीने त्याचं चित्र काढलं, व्हेसेलने त्यावरून छपाईसाठी तांब्याचा पत्रा कोरला, आणि पहिल्याच वर्षी दोन हजारांवर प्रती खपल्या. 1807 मध्ये ऑक्सफर्डला बैलाचा खुबा निखळला, तो सावरला नाही आणि अखेर त्याला मारावं लागलं. त्याच्या नावाचे पब मात्र अजून चालू आहेत.

सरस काढायला बराच वेळ गेला, पण ते कष्टाचं काम, त्यात डोकं लागत नाही. डोकं लागतं ते रंगांपाशी. चित्र छापून झाल्यावर हाताने रंगवलेलं, त्यामुळे ओल्या ब्लॉटरच्या टोकाने एकेक रंग तपासला. गवत आणि आभाळ जागचं हललं नाही, बैलाचा तांबडा मात्र लगेच सुटायला लागला. म्हणजे पाण्याची अंघोळ बाद. मग ओलावा हळूहळू सोडणाऱ्या जेलचे पातळ तुकडे ठेवून डाग थोडाथोडा वर ओढला. गाठ फिकी झाली, पूर्ण गेली नाही. तिथेच थांबले. पांढराशुभ्र जुना कागद दिसला की समजावं, कुणीतरी ब्लीच ओतलंय.

खरा पेच बैलाच्या मागच्या पुठ्ठ्याचा, म्हणजे ढुंगणाचा. कसरीने तळहाताएवढा कागद खाल्लेला, तोही पाठ संपून शेपूट सुरू होते नेमका तिथे. मालकीणबाई साठीच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या या बैलाच्याच शॉर्टहॉर्न जातीची गुरं, स्वतः प्रदर्शनांत परीक्षक. त्यांनी चित्राकडे बघून फर्मावलं, “तेवढा भाग तरी बरोबर काढा. असा चौकोनी पुठ्ठा मी जन्मात कुठल्या जनावराला पाहिला नाही.”

बाईंचं खोटं नव्हतं. ही चित्रं म्हणजे जाहिरात होती. माणसं चरबीदार मांस खायची, चरबीच्या मेणबत्त्या जळायच्या, म्हणून धड पेटाऱ्यासारखं आणि डोकं, पाय काडीएवढे. डोक्याला, पायांना बाजारात भाव नव्हता. लाकडावर चित्रं कोरणाऱ्या थॉमस ब्युइकने आठवणींत लिहून ठेवलंय की त्यालाही असं काम आलं होतं. जनावरांवर आपल्याला दिसत नाहीत तिथे चरबीचे गोळे काढायला त्याने नकार दिला आणि काम गेलं. आमच्या आटपाडीकडे खिलार खोंड पारखताना पाय, खूर, चाल आधी बघतात. हा बैल खरसुंडीच्या यात्रेत हसण्यावारी गेला असता.

पण गाईगुरं सुधारणं माझं काम नाही. मी बाईंना म्हणाले, “बैल कसा होता हे मला माहीत नाही. व्हेसेलने काय कोरलं ते मात्र दुसऱ्या प्रतीवरून कळतं.” एका संग्रहालयाकडून फोटो मागवला. सहकारी म्हणाला, भोकात नुसती कोऱ्या कागदाची भरणी ठेव, वर काही काढूच नकोस. पुस्तकी सल्ला! भिंतीवरच्या बैलाला मागे भोक बघत कोण जगेल?

जपानी कागद चहाच्या रंगावर आणला, कडा खरवडून पातळ केल्या, गव्हाच्या खळीने बसवला. मूळ कागदावर ब्रश टेकवायचा नाही, रेघ फक्त भरणीवर. आणि इथे हात अडायला लागला. फोटो समोर असूनही पाठीची रेघ माझ्याकडून आपोआप उतरती यायची, खऱ्या जनावरासारखी. दर वेळी पुसून ती पुन्हा सपाट, लांब ओढायची. कुणा दुसऱ्याची थाप इतक्या निष्ठेने गिरवताना गंमतही वाटत होती आणि राग पण येत होता. छाया किती द्यायची हे तर फोटोही सांगेना. त्या प्रतीला रंग लावणारा हात वेगळा होता. शेवटी छाया कमीच ठेवली. हे बरोबर की चूक, अजून ठरत नाही.

बाई चित्र न्यायला आल्या, भरणी झटक्यात ओळखली आणि म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा डेचीच बाजू घेतलीत.” तेव्हा काही सुचलं नाही. नंतर मेलवर लिहिलं की डेची नाही, व्हेसेलची घेतली. उत्तरात वाद नव्हता, फक्त फोटो होता: बैल दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या बरोबर वर, जिथे लावू नका म्हणून बजावलं होतं.