उजेड भरपूर, पण ब्रेक दिसेना

बेकरीची जुनी ओम्नी. पहाटे सावंतवाडीतून निघते आणि आंबोलीचा घाट चढून वरच्या गावांना पाव देते. पावसाळ्यात त्या घाटात धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर डोळ्यांना दुसरा आधार नसतो. गाडीच्या मागचे दिवे मंद म्हणून मालकाच्या मुलाने घरीच एलईडीची पट्टी बनवली आणि मागच्या काचेला आतून लावली. तरीही एका वळणावर मागचा टेम्पो अगदी बंपरला भिडता भिडता थांबला. दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीला माझ्याकडे आली.

"झिलान केल्यान ता बरा, पण मागल्याक कळाक नाय मियां ब्रेक मारलंय ता," मालक म्हणाले.

आधी पट्टी बघितली, आणि मुलाचं काम खरंच चोख होतं. झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या सर्किट बोर्डावर, चार-चार लाल एलईडींच्या ओळी, प्रत्येक ओळीला करंट आवरणारा ३३० ओहमचा रेझिस्टर. एका लाल एलईडीला साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे चारांना ८.४. इंजिन चालू असताना १४.४ धरले तर उरलेले ६ व्होल्ट रेझिस्टर खातो आणि ओळीतून १८ मिलिअँपिअर जातात. ५ मिलिमीटरचा पारदर्शक एलईडी फक्त नाकासमोर उजेड फेकतो, बाजूने पाहिलं तर विझल्यासारखा वाटतो. पोराने प्रत्येकाचं तोंड पॉलिश पेपरने घासून उजेड पसरवला होता. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ॲक्सेसरीच्या दुकानात लुकलुकणाऱ्या पट्ट्या विकणाऱ्यांना एवढं सुचत नाही, आणि त्या लावून हिंडणाऱ्यांना मागच्याच्या डोळ्यांचं काही पडलेलं नसतं.

पट्टी मात्र पार्किंग लाइटच्या वायरीवर होती. दिवे चालू असेपर्यंत ती सतत झगझगत राहायची. तिच्याखाली ब्रेकचा बल्ब लागला तरी उजेडात फरक पडत नव्हता, आणि धुक्यात मागचा ड्रायव्हर फरकावरच पाय उचलतो. कंपनीच्या बल्बमध्ये पार्किंगची तार ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची असते, ती याचसाठी.

पण मूळचे दिवे मंद का, हे कोणीच शोधलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "काका, होल्डरला मीटर लावून बघितलं. व्होल्टेज पूर्ण येतंय, म्हणून बल्ब बदलले." बल्ब काढून मीटर लावला तर पूर्णच दाखवणार, कारण मीटर करंट ओढत नाही. मी बल्ब बसवला, इंजिन चालू केलं, मालकांना ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि होल्डरचा अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) ते बॅटरीचं निगेटिव्ह असा मीटर लावला. ३.८ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर काही दिसता कामा नये. बॉडीला जिथे अर्थचा स्क्रू होता तिथे पत्रा गंजलेला आणि थिंबलीवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) हिरवा कळंक. आमच्या दमट हवेत हे नेहमीचंच. बल्बला १४ ऐवजी १० व्होल्ट मिळाले की उजेड जेमतेम एक तृतीयांश उरतो. ब्रेक दाबलेला नसताना पट्टी त्याच खराब अर्थवरही लखलखत होती, कारण तिला लागणारा करंट अगदी थोडा. मूळ दोष तिने झाकला होता. फिटनेसला गाडी बघणारेही दिवा लागतो का एवढंच बघतात, किती लागतो ते नाही.

पत्रा घासला, नवी थिंबली सोल्डर केली, वर ग्रीस लावलं, आणि निगेटिव्हची वेगळी वायर थेट पुढून मागे ओढली. दोन्ही बाजूंचे साधे बल्ब ठणठणीत लागले.

पट्टी मी काढून टाकली नाही. फक्त ब्रेकच्या वायरीवर घेतली. साध्या बल्बची तार तापून उजळायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो, एलईडीला तेवढाही वेळ लागत नाही. ताशी ८० वर गाडी तेवढ्यात चार मीटरच्या वर पुढे जाते. डोळ्यांच्या उंचीवरचा तो दिवा आता मागच्याला आधी दिसतो.

मुलाचं समाधान झालेलं नाही. त्याला तीच पट्टी दोन पातळ्यांवर हवी आहे, पार्किंगला मंद, ब्रेकला पूर्ण. जमण्यासारखं आहे. पार्किंगच्या वायरीत मोठा रेझिस्टर, आणि दोन्ही वायरींना एकेक डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग. डायोड नसले तर ब्रेक दाबल्यावर करंट उलटा पार्किंगमध्ये शिरतो. प्रश्न पार्किंगला किती मंद याचा आहे. ५ आणि २१ चं प्रमाण मला माहीत आहे, पण ते काचेमागच्या, रिफ्लेक्टर असलेल्या बल्बचं. उघड्या एलईडीला धुक्यात तेच चालेल का, हे टेबलावर कळत नाही. मी त्याला तीन-चार वेगवेगळे रेझिस्टर घेऊन यायला सांगितलंय. पहाटे तो ओम्नीत बसेल आणि मी माझी गाडी मागे ठेवून घाट चढेन. तोवर पट्टी ब्रेकवरच राहील.