मेघ: अठराव्या नखापर्यंत पोचलो

टकटक बंद झाली! काल रात्री माझा लॅब्रॅडॉर मेघ पाणी प्यायला उठला, भांड्यापर्यंत गेला, परत येऊन आडवा झाला, आणि फरशीवर नखांचा आवाज आलाच नाही. मी अंथरुणात पडल्या पडल्या कान लावून ऐकत होते. पाच महिन्यांनी!

मागच्या अपडेटच्या वेळी मी रडकुंडीला आले होते. नखं घासून कमी करायचा नवा ‘सायलेंट’ ग्राइंडर आणला होता, त्याने दगा दिला. आवाज कमी हे खरं, पण मोटरमध्ये दमच नाही. लॅबच्या जाड काळ्या नखाला टेकवला की फिरायचा थांबतो, आणि जास्त वेळ धरला तर नख तापतं. माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या कुत्र्याला जुना, दमदार मोटरचा ग्राइंडरच घ्यावा, आणि एका जागी दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नये. गिलोटिन कटर, म्हणजे भोकात नख घालून वरून पातं सरकवायचा तो, तर मी कायमचा बाजूला ठेवलाय. पातं जरा बोथट झालं की तो नख कापत नाही, चिरडतो. त्यानेच जिव्हाळीला, म्हणजे नखाच्या आतल्या रक्तवाहिनीच्या नाजूक भागाला, लागलं होतं, आणि रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर दाबून धरली तरी रक्त थांबेपर्यंत माझे हात थरथरत होते.

डॉग शोच्या दिवसांत हा प्रश्नच नव्हता. दर रविवारी ग्रूमिंग टेबलवर दहा मिनिटं, की काम फत्ते. लॅबचा पंजा गोल, घट्ट, बोटं कमानदार हवीत, आणि मेघचे पंजे तसेच होते. आठव्या वर्षी वयस्क कुत्र्यांच्या व्हेटरन क्लासमध्ये उतरला तेव्हाही. मग शो थांबले, फिरणं कमी झालं, नखं झिजेनाशी झाली. नख आधी जमिनीला टेकलं की बोट मागे रेटलं जातं, पंजा पसरतो, उभं राहण्याची ढबच बदलते. आता बारा वर्षांचा आहे, खुब्यात संधिवात आहे, त्यात ही नखं. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकायला लागले.

आणि ग्राइंडर हातात घेतला की हा पाय ओढून घ्यायचा. मी धरून चालले की आवाजाला घाबरतो. महिनाभर आवाजाची सवय लावली: आधी बंद मशीन शेजारी, मग चालू मशीन दुसऱ्या खोलीत, मग जवळ, प्रत्येक वेळी ट्रीट. शेवटी तो चालू ग्राइंडरशेजारी घोरायला लागला. तरी टेबलवर मागचा पाय उचलला की हिसका ठरलेला.

कोडं मुलीने सोडवलं. म्हणाली, “आई, तू मशीनकडे बघतेयस. त्याच्या दुसऱ्या पायाकडे बघ ना.” बघितलं. जमिनीवरचा पाय थरथरत होता. तीन पायांवर उभं राहणंच त्याला झेपत नव्हतं, आणि मी उचललेला पाय मागे ताणत होते, तो खुब्यात दुखत होता. ज्या टेबलवर त्याचं सगळं तारुण्य गेलं, तेच आता त्याला नको होतं.

त्याच दिवशी टेबल घडी करून ठेवलं. डॉक्टरांनी वेदनेचं औषध सुरू केलं. आता तो योगा मॅटवर कुशीवर झोपतो, मी शेजारी जमिनीवर बसते. पाय जसा आहे तसाच, फक्त पंजा बोटांत धरायचा. रोज एकच पंजा. काळ्या नखात जिव्हाळी बाहेरून दिसत नाही, म्हणून कागदाइतका पातळ काप घेत जायचं. कापलेला भाग आधी खडूसारखा कोरडा, पांढुरका दिसतो, मग मधोमध एक काळपट ठिपका उगवतो. तिथे हात थांबवायचा. चार दिवसांनी तो पंजा पुन्हा. अशाने जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. सात आठवडे लागले. शेवटचं, अठरावं नख डाव्या पुढच्या पायाचं ड्यूक्लॉ, म्हणजे पंज्याच्या वर आतल्या बाजूला असतं ते अंगठ्यासारखं नख. ते जमिनीला लागतच नाही, त्यामुळे चांगलंच आत वळलं होतं.

पुढच्या पंजांसाठी फळीवर ८० ग्रिटचा सँडपेपर चिकटवलाय. ‘शेकहँड’ येतच होता, त्यामुळे त्यावर स्वतःच नखं खरवडायला दोन दिवसांत शिकला. किती खूश असतो तेव्हा! मागच्या पायांसाठीही तशीच फळी करणार होते, पण हे लिहितानाच वाटतंय की नकोच. मागे जोरात खरवडताना सगळा ताण खुब्यावर येईल. त्यापेक्षा त्याच्या गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅटची सलग पट्टी टाकते. तळव्यांतले केसही वाढलेत, तेही घसरण्याचं कारण असणार. या आठवड्यात ते आधी.

काल खण आवरताना शो लीड, म्हणजे शोमधला त्याचा पट्टा, हाताला लागली. कडीचा आवाज झाला आणि मेघ उठला. स्वतःहून स्टॅकमध्ये, म्हणजे शोच्या पवित्र्यात, उभा राहिला, मान वर, नजर माझ्या हातावर. डावा मागचा पाय मात्र जागेवर पडेना. मी खाली बसून हॉक, म्हणजे मागच्या पायाचा घोट्याचा सांधा, धरला आणि रिंगमध्ये ठेवायचे तसा पाय ठेवून दिला. पंजा बघितला. बोटं जवळ, कमान परत आलेली. सातआठ सेकंद तसाच उभा होता, मग अलगद बसला. तोंडावरचे पांढरे केस कुरवाळत मी त्याला ट्रीट दिली.

उद्या उजवा मागचा पंजा.