विदाह: एका चौकात बॅसिलिका, समोर अजगरांचं देऊळ

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात कोटोनू शहराहून विदाह हे गाव साधारण 40 किलोमीटर. शेअर टॅक्सी भरली की सुटते, वेळापत्रक वगैरे नाही. गावात फिरायला झेमिजान, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधीच ठरवा. बेनिनला यायचं तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली हवी. तो दाखला परतताना मुंबईच्या विमानतळावरही लागतो, नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

आम्ही चौकात पोचलो. एका बाजूला कॅथलिक बॅसिलिका, रस्त्यापलीकडे व्होडून या इथल्या पारंपरिक धर्माचं अजगरांचं देऊळ. इथे प्रत्येक गाइड दोन्ही धर्मांतल्या सलोख्याचं भाषण करतो. ऐकून घ्यावं, पण त्यावर विसंबू नये.

देवळात प्रवेशाचे पैसे वेगळे आणि फोटोचे वेगळे. अजगर बिनविषारी, जेमतेम मीटर-सव्वा मीटरचे. गळ्यात घालून देतात. तेव्हा त्याला आवळायचं नाही, डोकं पकडायचं नाही, खालून नुसता आधार द्यायचा. बुजला की तो चेंडूसारखी गुंडाळी करून बसतो आणि तुमचा फोटो गेला. रात्री त्यांना शिकारीसाठी सोडतात. एखादा कुणाच्या घरात शिरलाच तर मारायचा नाही, देवळात आणून द्यायचा, हा गावचा शिरस्ता.

सलोखा फार जुना नाही. 1972 नंतरच्या केरेकू यांच्या लष्करी राजवटीने व्होडूनला मागासलेपण ठरवून दडपलं. फेब्रुवारी 1993 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे कोटोनूत व्होडून प्रमुखांना भेटले. पुढे 10 जानेवारी ही व्होडूनची राष्ट्रीय सुट्टी झाली. 2011 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे याच गावात आले आणि त्यांनी आफ्रिकेसाठीच्या पत्रावर सही केली. त्या पत्रात पारंपरिक धर्मांशी संवादाचा आग्रह आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडे निष्ठा ठेवणं ही चर्चपुढची अडचण आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय.

ही अडचण नेमकी कुठे येते? फा, म्हणजे व्होडूनमधला कौल, पाहताना. कौल लावणारा बोकोनो 16 पामबिया एका हातातून दुसऱ्या हातात झटकन उचलतो. मागे दोन राहिल्या तर फळीवरच्या भुकटीत एक रेघ, एक राहिली तर दोन. एकही उरली नाही किंवा दोनांहून जास्त उरल्या तर तो झटका बाद, पुन्हा करायचा. आठ चांगले झटके मिळाले की एक चिन्ह पूर्ण होतं. अशी एकूण 256. आजारपण, लग्न, नोकरी यांसाठी माणसं विचारायला येतात, आणि त्यांत रविवारी मिस्साला जाणारेही असतात. चर्चला हे मुळीच मान्य नाही. गोव्यात मापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला लईराई देवीची बहीण मानणाऱ्यांना मात्र यात नवल वाटू नये.

बाहेरच्याची खरी फसगत सेलेस्टियल चर्चपाशी होते. 1947 मध्ये पोर्तो-नोव्होच्या सॅम्युअल ओशोफा या सुताराने ते स्थापलं. पांढरे झगे, अनवाणी पाय, धूप, मेणबत्त्या, संचार झालेले द्रष्टे: पाहणाऱ्याला वाटतं, हा तर व्होडूनचाच भाऊ. प्रत्यक्षात हेच चर्च व्होडूनबाबत कॅथलिकांपेक्षा कडक आहे. आत यायचं तर घरातले देव टाकून यायचं. त्यांच्याकडे आत जाताना चपला बाहेर काढा आणि फोटोबद्दल आधी विचारा.

एगुनगुन निघाला असेल तर अंतर राखा. तो पूर्वजांचा मुखवटाधारी अवतार. त्याच्या कपड्याचा स्पर्श अशुभ मानतात, म्हणून काठ्या घेतलेली माणसं गर्दी मागे रेटतात. कॅमेऱ्यासाठी पुढे घुसणारा पर्यटक हमखास काठी खातो.

जुन्या घरांत पूर्वजांसाठी असेन ठेवतात: जमिनीत रोवायचा लोखंडी दांडा, वर छत्रीसारखा भाग, त्यावर गोल ताटली आणि ताटलीवर मृताची ओळख सांगणाऱ्या छोट्या धातूच्या आकृत्या. पायाशी पाणी किंवा दारू ओततात. काही असेनांवर त्या आकृत्यांत क्रूसही असतो.