हानेडा ते नागपूर, मार्गे इटारसी

शाळेची सहल परदेशात न्यायची म्हटलं की सगळ्या बैठका जाण्याभोवती फिरतात. व्हिसा, पालकांची संमतीपत्रं, कुणाला कशाची ॲलर्जी, कोण कांदा-लसूण खात नाही. परतीच्या दिवसासाठी कार्यक्रमपत्रिकेत एकच ओळ असते, 'नागपूरकडे प्रयाण'. आमच्याही पत्रिकेत तेवढीच होती.

आम्ही 24 मुलं आणि तीन शिक्षक, दोघी बाई आणि एक सर. मी भूगोल शिकवते. टोकियो, क्योटो, हिरोशिमा असं करून जानेवारीच्या सुरुवातीला टोकियोच्या हानेडा विमानतळावरून निघालो.

जाताना पोरं घाबरलेली असतात, त्यामुळे अंगाला चिकटून चालतात. येताना त्यांना सगळं माहीत झालेलं असतं आणि तीच खरी पंचाईत. आम्ही प्रत्येकाला क्रमांक दिला होता, मोजणी म्हटलं की एक ते चोवीस ओळीनं ओरडायचं. नागपुरातून निघताना ही मोजणी शाखेवरच्यासारखी खणखणीत व्हायची. हानेडावर चौदा क्रमांक पेंगत होता आणि अर्धी फौज कोल्ड्रिंकच्या मशीनपाशी होती. परत आल्यावर येनची नाणी कुणी बदलून देत नाही, नोटा तेवढ्या बदलतात, म्हणून ज्याच्या खिशात जे खुळखुळत होतं ते तिथेच संपवणं चाललं होतं. एक आणि पाच येनची नाणी मशीन घेत नाही, ती सगळ्यांकडे उरलीच. तेवढ्यात एका मुलाच्या नावाचा पुकारा झाला. चेक-इन केलेल्या बॅगेत पॉवर बँक होती. ती हातातल्या सामानातच न्यावी लागते, हे तीनदा सांगून झालेलं. बॅग उघडली तेव्हा पॉवर बँक निघाली एका मोज्यात आणि तो मोजा हिरोशिमाच्या मोमिजी मांजूच्या डब्याखाली. मोमिजी मांजू म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराचा, आत गोड सारण भरलेला केक. आजीसाठी घेतला होता म्हणे.

विमानात समोरच्या पडद्यावरचे तास मोजत एकीनं विचारलं, "मॅडम, येताना एवढा वेळ काहून लागून राहिला?" असा प्रश्न वर्गात कधी येत नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे खूप उंचावरून वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात जोरात असतो. दिल्लीहून टोकियोला जाताना तो विमानाला मागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. त्यामुळे जाताना जे अंतर साडेसात-आठ तासांत कापलं, त्यालाच परतताना दीड-दोन तास जास्त लागतात. तिनं ऐकलं, मान हलवली आणि झोपली.

दिल्लीत संध्याकाळी उतरलो. पुढे देशांतर्गत विमान असलं तरी सामान दिल्लीतच ताब्यात घ्यायचं, कस्टममधून बाहेर काढायचं आणि पुढच्या विमानासाठी नव्यानं जमा करायचं. सहल-संयोजकानं पुढचं विमान पहाटेचं घेतलेलं, कारण ते स्वस्त. रात्रीपुरतं विमानतळाजवळच्या महिपालपूरला हॉटेल. साडेनऊला मुलं जेवायला बसली तेव्हा त्यांच्या शरीरातलं घड्याळ रात्रीचा एक वाजवत होतं, जपान आपल्या साडेतीन तास पुढे. दोघं ताटावरच झोपले.

पहाटे बाहेर पडलो तर बसचा पुढचा दिवा दिसेना. गंगेच्या मैदानात हिवाळ्यात हे ठरलेलंच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातली वाफ तिथेच धुकं होऊन बसते. वर उबदार हवेचं झाकण, त्यामुळे ते उठतही नाही. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-3 यंत्रणा आहे, अगदी कमी दृश्यमानतेत विमान उतरवता येतं. पण त्यासाठी विमान तसं सुसज्ज लागतं आणि वैमानिकाला तसं प्रशिक्षण लागतं, शिवाय तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते ती घटतेच. आमचं विमान आधी दोन तास उशिरा, मग चार तास, मग बोर्डावर लाल अक्षरांत रद्द.

काउंटरवरच्या मुलीनं नियम नीट सांगितला. पैसे परत घ्या किंवा दुसऱ्या विमानात जागा घ्या, रद्द होण्याचं कारण हवामान असल्यामुळे नुकसानभरपाई नाही. जागा होत्या, पण आज दुपारी सहा, उद्या सकाळी अकरा, उरलेल्या परवा. तीन तुकड्या आणि तीन शिक्षक, हिशेब जुळत होता. पण मग एका तुकडीत एकही बाई नसती आणि आमच्याबरोबर तेरा मुली. मी नाही म्हटलं. सरांचं मत वेगळं होतं, जेवढे पोचतील तेवढे पोचू द्या असं ते म्हणत होते, आणि त्यात चूक काही नव्हतं. पण अशा वेळी दोन मतं मुलांसमोर चालवायची नसतात, म्हणून आम्ही खांबाआड गेलो, भांडलो, आणि बाहेर येताना एकच मत घेऊन आलो. रेल्वे.

आता गंमत बघा. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप ही माझी सहलभराची डोकेदुखी होती. 'जेवला का?', 'टोपी घातली का?', 'फोटोत मागे का उभा आहे?' त्या सकाळी त्याच ग्रुपनं आम्हाला घरी आणलं. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि एका तिकिटावर चारच माणसं. सत्तावीस जणांची सात तिकिटं. खात्याला आधार जोडलेलं हवं आणि ओटीपीही येतो, म्हणजे मला विमानतळावर बसून एकटीनं हे जमणं शक्य नव्हतं. मी नावं, वयं टाकली, सात गट पाडले. रामदासपेठेतल्या एका डॉक्टर आई, मानेवाड्याचे एक वडील, कामठीचे एक काका, असे सात जण आपापल्या लॅपटॉपसमोर बसले. साडेनऊलाच प्रवाशांची यादी भरून तयार. दहा वाजून दोन मिनिटांनी पहिला 'झालं!' आला. पाच तिकिटं एसीत पक्की मिळाली, दोन वेटिंगवर गेली. ती सोडून अकराला त्याच दोघांनी स्लीपर काढलं. कामठीच्या काकांनी वर लिहिलं, "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, आम्ही बसून राहिलो इथं."

स्लीपरच्या आठ जागा कुणाला, यावर मात्र मारामारी. सगळ्याच मुलांना स्लीपर हवं होतं. शेवटी सर आणि सात मुलगे तिकडे. हिरोशिमाच्या थंडीसाठी घेतलेली जाड जाकिटं तिथे कामी आली.

दुसऱ्या दिवशी रात्रीची गाडी होती, चेन्नईकडे जाणारी. धुकं गाडीलाही सोडत नाही. इंजिनात फॉग पास नावाचं जीपीएसवर चालणारं यंत्र असतं, पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे ते चालकाला आधी सांगतं, तरीही वेग कमीच ठेवावा लागतो. जपानमध्ये प्रत्येक शिंकान्सेनची सुटण्याची वेळ सेकंदकाट्यावर तपासणाऱ्या आमच्या आठवीतल्या पठ्ठ्यानं नवी दिल्ली स्टेशनावर तीन तास बसल्यावर घड्याळ काढून खिशात टाकलं. गाडी आल्यावर दुसरं काम, जागा बदलून घेणं. तत्काळच्या जागा कुठेही विखुरलेल्या असतात. "भैया, बच्चे साथ में हैं" या एका वाक्यावर मी तीन डबे फिरले. विजयवाड्याला निघालेल्या एका कुटुंबानं चक्क आख्खा कप्पा सोडला. एक सद्गृहस्थ खालच्या बर्थवरून हलले नाहीत ते नाहीत. रात्री मुली झोपेपर्यंत मी दाराजवळच्या बाजूच्या बर्थवर बसून होते आणि मोजणीचे क्रमांक हळू आवाजात घेत होते.

झाशीनंतर सकाळ झाली आणि धुकं विरळ होत गेलं. भोपाळच्या अलीकडे कर्कवृत्त ओलांडलं तेव्हा मी सगळ्यांना उठवलं. दोघांनीच खिडकीबाहेर पाहिलं, तेही रेघ दिसेल म्हणून. बुदनीचा घाट उतरून नर्मदा आली, मग इटारसी, मग सातपुडा. धाराखोहच्या घाटात बोगदे सुरू झाले की डब्याडब्यांतून आरडाओरडा. जपानमध्ये पोरं ताशी तीनशे किलोमीटरच्या गाडीत कुजबुजत बसली होती, इथे घाटात रेंगाळणाऱ्या गाडीत त्यांना कंठ फुटला. आमल्याला समोसे, पांढुर्ण्याला चहा. नरखेड आलं आणि मराठी पाटी दिसली. काटोलच्या बाजूला झाडांवर उरलीसुरली संत्री दिसायला लागली तेव्हा "घरी पोचल्यावर आधी काय खाणार" यावर मतदान झालं. तर्री-पोहे प्रचंड बहुमतानं निवडून आले. जपानी सूपमध्ये माशाचा अर्क असतो म्हणून आमची शाकाहारी मंडळी सहलभर भात आणि चिवड्यावर होती, त्यांचा संताप मतपेटीतून बाहेर पडला.

नागपूर स्टेशनवर संत्रा मार्केटच्या बाजूनं बाहेर पडायचं असं आधीच कळवलं होतं. पालक रेटारेटी करतात, ओरडतात, हार घेऊन येतात, त्यांचं चुकत नाही. पण पासपोर्ट पालकाच्या हातात आणि यादीवर सही, त्याशिवाय मूल सोडायचं नाही हा नियम मी मोडू दिला नाही. एकाला न्यायला वडिलांऐवजी मामा आला होता. मुलगा "अहो मॅडम, माझाच मामा आहे ना!" म्हणून कळवळत होता. मी फोन लावला, वडिलांनी होकार दिला, ग्रुपवर तसं लिहून घेतलं आणि मग मामाची सही घेतली. मामा थोडे फुगले.

विमानाचे पैसे संयोजकाच्या खात्यात परत आले आणि तिथून पालकांना मिळेपर्यंत मार्च उजाडला. रेल्वे आणि जादा हॉटेलचा खर्च वजा जाता प्रत्येकाला थोडीफार रक्कम परत गेली. पुढच्या सहलीच्या पत्रिकेत 'नागपूरकडे प्रयाण'च्या जागी मी दोन पानं लिहिली आहेत. जानेवारीत पहाटेचं विमान नाही, सातही पालकांची नावं आधीच ठरलेली, आणि दिल्लीत एक मोकळा दिवस. संयोजक म्हणतो, खर्च वाढेल. वाढू दे.