स्वतःलाच उशिरा कळणारी माणसे

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठाने जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर ऑसिनिंग हे स्थानक लागते. कथाकार जॉन चीव्हर १९६१ पासून १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच गावात राहिले. मी कामाला याच मार्गाने जात असल्यामुळे त्यांच्या कथांतली माणसे मला आता केवळ पुस्तकातली वाटत नाहीत.

त्यांच्या ‘द स्विमर’ (१९६४) या कथेचा नायक नेडी मेरिल उन्हाळ्यातल्या एका रविवारी मित्राच्या घरी मद्याचा पेला घेऊन बसलेला असताना ठरवतो की, आठ मैलांवरच्या आपल्या घरी पोहत जायचे. इथल्या सुखवस्तू उपनगरांत घरामागे पोहण्याचा खासगी तलाव असणे नवलाचे नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या तलावांची मिळून एक नदीच आहे अशी कल्पना करून तो तिला बायकोचे, लुसिंडाचे, नाव देतो. सुरुवातीला सगळीकडे त्याचे स्वागत होते. पुढे मात्र पाणी गार लागू लागते, झाडांची पाने गळू लागतात, एक शेजारीण त्याच्यावर ओढवलेल्या संकटांबद्दल हळहळ व्यक्त करते आणि ती कोणती हे त्यालाच आठवत नाही. ज्या कुटुंबाला तो कायम खालच्या पायरीवरचे समजत आला, त्यांच्याकडे मद्य देणारा नोकरही त्याचा अपमान करतो. अखेर तो पोहोचतो तेव्हा घर कुलूपबंद आणि रिकामे असते. एका दुपारच्या पोटात किती काळ उलटला, हे चीव्हर सांगत नाहीत. पैसा गेला, संसार विस्कटला, हे गावाला ठाऊक आहे, नेडीला नाही.

मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी ‘मिडलाइफ क्रायसिस’ (मध्यमवयात येणारा मानसिक पेच) ही संज्ञा मांडणारा लेख १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकन कादंबरी त्याच्या कितीतरी आधी तिथे पोहोचली होती. सिंक्लेअर लुइस यांच्या ‘बॅबिट’मधला (१९२२) घरे-जमिनी विकणारा नायक ४६ वर्षांचा आहे. जिवलग मित्र स्वतःच्या बायकोवर गोळी झाडून तुरुंगात जातो, तेव्हा बॅबिट बिथरतो, प्रेमप्रकरणात पडतो, जुन्या सोबत्यांना न रुचणारी मते बोलू लागतो आणि बायको आजारी पडल्यावर निमूटपणे कळपात परततो.

या परंपरेत पुरुषांचीच गर्दी आहे, आणि म्हणून मला अ‍ॅन टायलर यांची ‘लॅडर ऑफ इयर्स’ (१९९५) फार मोलाची वाटते. बाल्टिमोरमधल्या डॉक्टरची चाळीस वर्षांची बायको डेलिया सुट्टीवर असताना समुद्रकिनाऱ्यावरून, कोणताही निर्णय न घेता, पोहण्याच्या कपड्यांवर झगा चढवून चालत निघून जाते. ती बेपत्ता झाल्याची बातमी छापून येते, तेव्हा तिचे डोळे निळे, करडे की हिरवे, हेही घरच्यांना नक्की सांगता येत नाही. तिच्या घरात नेमके काय बिघडले होते, हे या एका तपशिलातून समजते.

डेलियाही शेवटी घरी परतते, पण तिच्या परतण्यात मला बॅबिटसारखी शरणागती दिसत नाही. अनोळखी गावात भाड्याची खोली घेऊन, वकिलाकडे नोकरी करून ती स्वतःच्या पगारावर जगलेली असते. आपणच दूर निघून गेलो असे तिला इतके दिवस वाटत होते. प्रत्यक्षात मागे राहिलेल्या माणसांनीच अधिक लांबचा पल्ला गाठला होता, हे तिला परतल्यावर कळते.