बार्बेरो : अणुबॉम्बच्या जागी पत्रं ठेवणारी पाणबुडी

नेव्हल कव्हरं, म्हणजे नौदलाच्या जहाजांचे टपाल शिक्के असलेली पाकिटं, जमवणाऱ्या माणसाला एखादी पाणबुडी कुठे लढली हे बरेचदा ठाऊकच नसतं, त्याला फक्त तिचा शिक्का ठाऊक असतो. यूएसएस बार्बेरोचं अगदी असंच झालंय. नाव काढलं की सगळे एकच म्हणणार, हां ती मिसाईल मेलवाली, क्षेपणास्त्रातून पत्रं पाठवणारी! बाकी वीस वर्षं ती काय करत होती ते कोणी विचारतच नाही, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहू.

बालाओ क्लासची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी, अमेरिकेत ग्रोटनला बांधलेली, १२ डिसेंबर १९४३ ला पाण्यात उतरली आणि २९ एप्रिल १९४४ ला नौदलात दाखल झाली. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, दोन गस्ती झाल्या, जावा समुद्र आणि दक्षिण चीन समुद्रात मिळून तीन जपानी मालवाहू जहाजं बुडवली. मग २७ डिसेंबर १९४४ ला लोंबोक सामुद्रधुनीजवळ विमानातून टाकलेला बॉम्ब अगदी शेजारी येऊन फुटला, डाव्या बाजूचा रिडक्शन गिअर (पंख्याचा वेग कमी करणारी दातेरी चाकं) गेला, कशीबशी ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला पोचली आणि तिच्यापुरतं युद्ध तिथेच संपलं.

आता गंमत बघा, या सगळ्याचं कव्हर शोधायला गेलात तर हाती जवळपास काहीच लागत नाही, कारण युद्धाच्या काळात अमेरिकन नौदलाच्या शिक्क्यांमधून जहाजांची नावंच काढून टाकली होती, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. नुसतं यू एस नेव्ही आणि तारीख, बस्स. म्हणजे जिथे खरोखर जिवावर बेतलं होतं त्या काळाचा नाव असलेला कागद नाही.

युद्धानंतर १९४८ मध्ये तिला चक्क मालवाहू पाणबुडी केलं, तो प्रयोग फार चालला नाही आणि १९५० मध्ये तिला राखीव ताफ्यात टाकून दिलं. १९५५ मध्ये परत बाहेर काढून पाठीवर हँगर, म्हणजे क्षेपणास्त्रं ठेवायची बंद खोली, बसवला आणि त्यात दोन रेग्युलस क्षेपणास्त्रं. रेग्युलस म्हणजे आजच्या क्रूझ मिसाईलचा आजोबाच, जेट इंजिनवर उडणारं, पल्ला साधारण ५०० सागरी मैल आणि पोटात अणुबॉम्ब. पण पाण्याखालून ते डागता यायचं नाही. पाणबुडीने वर यायचं, हँगर उघडायचा, क्षेपणास्त्र बाहेर काढून रॅम्पवर चढवायचं आणि मग उडवायचं, तोवर सगळं उघड्यावर! ज्या कोणी ही योजना आखली त्याच्या धैर्याला नमस्कार, आणि ज्यांना ते करायचं होतं त्यांना तर दोनदा.

तर आता ८ जून १९५९. अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल आर्थर समरफील्ड यांना क्षेपणास्त्राने टपाल पाठवायचं होतं. बार्बेरोवर रीतसर पोस्ट ऑफिसची शाखा उघडली, बॉम्बच्या जागी धातूचे दोन डबे बसवले आणि त्यात ३,००० पत्रं भरली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून बऱ्याच लांबून, दुपारी बाराच्या थोडं आधी रेग्युलस सुटलं आणि २२ मिनिटांनी मेपोर्टच्या नौदल तळावर जाऊन उतरलं. हो, उतरलं, कारण हे सरावाचं मॉडेल होतं, त्याला विमानासारखी चाकं होती. पुढे पत्रं जॅक्सनव्हिलला नेऊन नेहमीच्या टपालात टाकली.

आतलं पत्र सगळ्यांना एकच, समरफील्ड यांचं. पाठवलं कोणाला, तर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, बडे अधिकारी, आणि जागतिक टपाल संघातल्या देशांचे पोस्टमास्टर जनरल. सोव्हिएत युनियनही त्या संघात होतं, म्हणजे मॉस्कोलाही एक गेलंच असणार. आमचा नेम किती अचूक आहे हे टपालाने कळवायची ही पद्धत मला तरी भारी वाटते. माणूस चंद्रावर पोचायच्या आत न्यूयॉर्कहून ब्रिटन, भारत, ऑस्ट्रेलियाला काही तासांत मिसाईलने पत्र जाईल, असंही समरफील्ड म्हणाले होते. माणूस चंद्रावर दहा वर्षांत पोचला, मिसाईल मेल मात्र त्या दिवसानंतर परत उडलीच नाही, खर्चच इतका होता की जेट विमानं परवडली.

आणि पहिलं कोण म्हणाल तर आपल्याकडे भारतात रॉकेटने टपाल पाठवायचे प्रयोग करणाऱ्या स्टीफन स्मिथ यांनी १९३४ मध्येच जहाजावरून बंगालमधल्या सागर बेटाकडे पत्रं भरलेलं रॉकेट सोडलं होतं. ते हवेतच फुटलं आणि पत्रं विखुरली ती गोष्ट वेगळी! भारतीय टपाल खात्याने १९९२ मध्ये त्यांच्यावर तिकीटही काढलं. म्हणून बार्बेरोच्या बाबतीत लोक नुसतं ‘पहिली’ न म्हणता ‘पहिली अधिकृत’ मिसाईल मेल असं जपून म्हणतात.

शिक्क्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्यावर ८ जून, सकाळी साडेनऊ अशी वेळ आहे, पण तो मारला होता पाणबुडी अमेरिकेतल्या नॉरफोक बंदरातून निघायच्या आधीच. म्हणजे समुद्रात कोणी शिक्के मारत बसलं नव्हतं. नवीन संग्राहकाला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, पण तसं होऊ नये, नेव्हल कव्हरांमध्ये आधी शिक्का आणि मग घटना हे काही नवीन नाही.

यानंतर ती पर्ल हार्बरला गेली आणि तिथून पॅसिफिकमध्ये अण्वस्त्रं घेऊन गुप्त गस्ती. तिच्याकडे दोनच क्षेपणास्त्रं, म्हणून तशीच दोनवाली टनी नावाची पाणबुडी जोडीला द्यायचे. माझ्या मते तिच्या नोकरीतलं सगळ्यात कठीण काम हेच होतं, आणि त्यालाही शो नाही, कॅशे (पाकिटावर छापलेलं खास चित्र) नाही, पोस्टमास्टर जनरल नाहीत. पाण्याखालून डागता येणारं पोलॅरिस क्षेपणास्त्र आल्यावर रेग्युलस निवृत्त झालं, ३० जून १९६४ ला बार्बेरोही, आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला पर्ल हार्बरजवळ तिला टार्गेट म्हणून बुडवून टाकलं. तिच्यासारखीच रेग्युलस घेऊन फिरणारी ग्राउलर ही पाणबुडी निदान न्यूयॉर्कला म्युझियममध्ये आहे, हिचं तेवढंही नशीब नाही.

हे मिसाईल मेलचं कव्हर घ्यायचं असेल आणि दुर्मिळ म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर आधी आठवा की अशी ३,००० आहेत आणि बहुतेक जपूनच ठेवलेली. पाकिटात समरफील्ड यांचं पत्र आहे का बघा, नसेल तर भाव पाडून मागा. देशातल्या देशात गेलेल्यांवर चार सेंटचं टपाल, परदेशी गेलेल्यांवर आठ सेंटचं, माझा डोळा आठवाल्यावर आहे.