नातवांचं काय झालं?

जुन्या गोव्यात मी वीस वर्षं गाईड आहे. बस थांबली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘शव कुठंय?’ संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाची चांदीची पेटी उंचावर, खालून फारसं दिसत नाही, लोक हिरमुसतात. टूरवाले सगळ्याला मिळून पाऊण तास देतात आणि आधी गाळतात ते म्युझियम. याची मला चीड येते.

त्या दिवशी सांगलीच्या बसचा टायर बसला, म्हणून वेळ मिळाला. म्युझियममधल्या वीरगळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकदगडांपाशी, मी मनसोक्त बोललो. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. पुढं सती गेलेल्या बाईची सतीशिळा. कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. सत्तरीच्या एक आजी तिथंच थबकल्या. “बांगड्या तशाच हायत,” एवढंच म्हणाल्या.

त्या हातावरून मी त्यांना टेकडीवर, सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चकडे नेलं. 46 मीटरांचा जांभ्याचा मनोरा, आता अर्धाच उभा. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणातल्या शिराझला मारली गेली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष इथं आणले. चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ते ठेवल्याची जुन्या पोर्तुगीज कागदांत नोंद आहे. 1842 मध्ये छत कोसळलं. पुरातत्त्व खात्यानं नोंदीबरहुकूम ढिगारा उपसला, तेव्हा हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला: यू1बी. भारतात न सापडणारा, जॉर्जियात सापडणारा मातृवंश! 2021 मध्ये अवशेषाचा एक भाग भारतानं जॉर्जियाला दिला.

मग मी नेहमीसारखे तिचे हाल सांगायला लागलो. आजींनी हात वर केला. “ते ऱ्हाऊ दे भाऊ. ती तिथं गेलीच कशाला?”

“राज्य वाचवायला. मुलानं इराणच्या शहा अब्बासकडं बोलणी करायला पाठवलं, शहानं दहा वर्षं ओलीस ठेवलं. दोन नातूही होते.”

“मग नातवांचं काय झालं?”

शहानं दोघांना खच्ची करवलं. मला ते ठाऊक होतं. तिचे चटके रोज रंगवून सांगणारा मी, “नक्की सांगता येत नाही, आजी,” म्हणालो.

त्यांनी गोळ्यांच्या पाकिटावर राणीचं नाव लिहून घेतलं. “सुटलं असतील,” बसकडं जाताना म्हणाल्या. मी मान हलवली.